रांगेला बांधलेली मेमरी

त्या वर्षीचा उन्हाळा आम्ही तिघांनी हॉलमध्ये काढला, कारण बेडरूममध्ये दोन सर्व्हर राहायला आले होते. तिघं म्हणजे मी, माझा नवरा आणि आबा. आबा माझे सासरे. ते मूळचे सोनगीरचे. सासूबाई गेल्यानंतर दोन-तीन वर्षं तिथल्या घरात एकटे राहिले आणि मग गुडघ्यांनी फारच त्रास दिला तेव्हा आमच्याकडे जळगावला आले. नवरा धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि रोज बसने जाऊन येऊन करतो. मी घरून काम करते.

माझं काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलवर असतं. कर्नेल म्हणजे तिचा सगळ्यात आतला भाग. कुठल्याही प्रोग्रॅमला मेमरी हवी, डिस्क हवी, नेटवर्क हवं, की त्याने ते कर्नेलकडे मागायचं. हे मी आबांना लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते सोनगीरला आपल्या पद्धतीने सांगितलं, आणि पुढच्या खेपेला गावातले एक गृहस्थ मुलाची मार्कशीट घेऊन माझ्याकडे आले. सून कर्नलच्या हाताखाली आहे तर भरतीत काही होईल का, असं त्यांना विचारायचं होतं. मी खुलासा केला. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, आणि मला मदत करायची नाही एवढाच अर्थ घेऊन ते गेले.

ज्या कामासाठी सर्व्हर आले ते काम असं. नेटवर्क कार्डावर बाहेरून येणारी माहिती रांगांमध्ये उतरते. प्रत्येक रांगेला रिकाम्या जागा आधीच देऊन ठेवलेल्या असतात. त्यांना बफर म्हणतात. कार्ड त्या भरतं, वाचून झाल्या की त्या पुन्हा रांगेला मिळतात. एरवी या जागा मशीनच्या मुख्य मेमरीत असतात. पण हल्ली ज्या माहितीची सगळ्यांना घाई असते तिला शेवटी ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत जायचं असतं. म्हणजे ती आधी मुख्य मेमरीत उतरते आणि मग तिथून उचलून पुन्हा ग्राफिक्स कार्डात नेली जाते. हा दुसरा फेरा वाचवायचा होता. त्यासाठी ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा एक तुकडा घ्यायचा आणि तो नेटवर्क कार्डाच्या एखाद्या रांगेला बांधायचा. आमच्यातही ‘बांधणं’ हाच शब्द आहे, बाइंड. एकदा बांधला की त्या रांगेत येणारा मजकूर थेट ग्राफिक्स कार्डात पडतो. पत्ता लिहिलेला पुढचा भाग तेवढा मुख्य मेमरीत येतो, कारण तो कर्नेलला वाचावा लागतो. आतला मजकूर कर्नेलला दिसतसुद्धा नाही.

हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, “म्हणजे केळी मंडीत न उतरवता शेतातून थेट ट्रकमध्ये.”

“तसं नाही,” मी म्हटलं.

“मग रेल्वेचं रॅक म्हण.”

“तसंही नाही.”

त्याला उदाहरण दिल्याशिवाय काही समजल्यासारखं वाटत नाही. शिकवणाऱ्यांचं असं होतं.

आमच्या टीमची मशीनं बंगळुरूच्या प्रयोगशाळेत होती आणि आम्ही सगळे दुरून त्यांवर काम करायचो. मग ती प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं आणि मधल्या काळात मशीन अडकलं तर बटण दाबायला तिथे माणूस नव्हता. माझ्या कामात मशीन अडकणं रोजचंच. मी म्हटलं, दोन इकडे पाठवून द्या. मॅनेजरने पाठवून दिली. मॅनेजर नागपूरचा, वयाने माझ्याएवढाच, बंगळुरूत राहणारा. तो कामाचं मराठीत बोलायचा आणि मराठी बोलल्यामुळे आपण फारच स्पष्ट बोलतो असं त्याला वाटायचं.

टेम्पो आला तेव्हा आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दोन माणसांनी खोकी उतरवली. आबांनी विचारलं, “हाई काय शे?”

“सर्व्हर आहेत, आबा. कंपनीचे.”

“कितला दिन ऱ्हातीन?”

“काम होईपर्यंत.”

आबांनी मान हलवली. पाहुण्यांच्या बाबतीतही ते एवढंच विचारतात.

घरात एसी एकच, आमच्या बेडरूमला. हॉलमध्ये कूलर, आणि कूलरच्या ओलसर वाऱ्यात सर्व्हर ठेवता येत नाही. जळगावच्या एप्रिलमध्ये एसीशिवाय तर तो ठेवताच येत नाही. त्यामुळे फार चर्चा झाली नाही. पलंग उभा करून भिंतीला टेकवला, टेबलावर दोन सर्व्हर मांडले, मध्ये एक केबल जोडली, दार लावून घेतलं आणि आम्ही दोघं गाद्या घेऊन आबांच्या शेजारी हॉलमध्ये आलो. मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर बसायचे आणि तिथून मशीनवर काम करायचे.

अडचण आवाजाची निघाली. सर्व्हर चालू करताना त्याचे सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि मशीन स्वतःची तपासणी पूर्ण करेपर्यंत बरीच मिनिटं तसेच फिरत राहतात. पहिल्या दिवशी दुपारी मी एक मशीन रीबूट केलं तेव्हा आबा जेवून नुकतेच आडवे झाले होते. ते ताडकन उठून बसले.

“इमान उतरनं का?” त्यांनी विचारलं.

“नाही, आबा. विमान नाही, मशीन चालू होतंय.”

“बरं.”

ते पुन्हा आडवे झाले, पण झोप काही लागली नाही. गुडघे दुखत असल्याने त्यांना सलग झोप मिळते ती दुपारीच, जेवणापासून चहापर्यंत. त्यांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र कानात कापूस घालून झोपायला गेले, आणि ते पाहून मला फार वाईट वाटलं. मी ठरवलं की दुपारी मशीन रीबूट करायचं नाही.

रीबूट न करताही काम भागतं. नेटवर्क कार्ड चालवणारा कर्नेलमधला भाग, म्हणजे ड्रायव्हर, तेवढाच काढायचा आणि बदललेला ड्रायव्हर पुन्हा घालायचा. क्षणात होतं, आवाज होत नाही. आधीच्या चाचणीची खिडकी लॅपटॉपवर तशीच उघडी ठेवायची, कारण तिच्यातले आकडे नव्या चाचणीशी ताडून पाहायचे असतात. अशा दुपारभर चार-पाच खिडक्या साठायच्या. आबा उठले की मी आवराआवर करून उठायचे, खिडक्या बंद करायचे आणि चहा टाकायचे.

बांधणी जमली. ग्राफिक्स कार्डात थेट मजकूर यायला लागला आणि मला बरं वाटलं. मशीन बंद पडायला लागलं ते त्यानंतर.

काम चालू असताना ते कधीच पडायचं नाही. दुपारभर नीट चालायचं आणि चहाच्या सुमाराला कर्नेल एकदम दगावायचं. दगावताना ते शेवटी काय करत होतं ते पडद्यावर टाकून जातं. ते मी वाचलं. प्रत्येक वेळी ते बांधलेली गाठ सोडायला गेलं होतं आणि जिथे रांगेची माहिती असायला हवी तिथे त्याला अर्थहीन काहीतरी सापडलं होतं. गाठ सोडायचा तो भाग मी लिहिलेला नव्हता. माझ्या आधीपासून तिथे होता, अनेकांनी वाचलेला, जगभर चालणारा. आणि रोज पडायचं असंही नाही. एखाद्या दिवशी काहीच व्हायचं नाही.

आमचं कर्नेल सगळ्यांना उघडं आहे. त्यातला दोष कळवायचा तर सार्वजनिक ईमेल-यादीवर लिहायचं, ते जगात कोणीही वाचू शकतं. मी लिहिलं. त्या भागाची देखरेख उत्तर युरोपात राहणारे एक वयस्कर गृहस्थ करतात. ते सभ्य आणि अत्यंत थोडक्यात लिहितात. त्यांनी माझी चाचणी स्वतःच्या मशीनवर दिवसभर चालवून पाहिली आणि कळवलं की त्यांच्याकडे असं काही होत नाही. टीममधल्या इतरांकडेही होत नव्हतं. ते फक्त आमच्या बेडरूममध्ये होत होतं.

मॅनेजरने फोन केला. “तुमच्याकडे तापमान काय आहे सध्या?”

“खोलीत एसी आहे.”

“बाहेर?”

बाहेरचं मी सांगितलं. तो म्हणाला, “बघा ना. मेमरी तापली की असंच होतं. भलतंच वाचलं जातं.”

“मेमरीत चूक झाली तर मशीन स्वतः नोंद करतं. एकही नोंद नाही.”

“नोंद करणारा भागही तापला असेल.”

मग त्याने व्होल्टेजबद्दल विचारलं, अर्थिंगबद्दल विचारलं. हे सगळं फोनच्या स्पीकरवर चाललं होतं, कारण मी कणीक मळत होते. हॉलमधून आबा म्हणाले, “जयगावनी लाईटले काय व्हयनं? धुयानं म्हनता तं मी मानी लेतू.” स्वतः धुळे जिल्ह्याचे असून ते धुळ्याच्या विजेला नावं ठेवत जळगावची बाजू घेत होते, याची मी मनात नोंद घेतली.

तरी आम्ही सगळं केलं. इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी घालायला सांगितलं आणि ते काम आबांनी आपणहून घेतलं. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की ते एक बादली खड्ड्यात ओतायचे. एसीचा माणूस येऊन गॅस भरून गेला. मशीनमधली मेमरी मी बाहेर काढून दुसरी घातली. बेडरूममध्ये आता इतकं गार झालं होतं की नवरा कॉलेजातून आला की शर्ट घ्यायच्या निमित्ताने आत जाऊन थोडा वेळ उभा राहायचा. मशीन चहाच्या वेळी दगावतच होतं.

एके दिवशी मॅनेजरने माझ्याकडच्या सगळ्या नोंदी मागवून घेतल्या आणि दुपारनंतर फोन केला. फोन स्पीकरवर होता. आबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून चहात टोस्ट बुडवत होते.

“मॅडम, एक गोष्ट लक्षात आली का?” तो म्हणाला. “रोज एकाच सुमाराला बंद पडतंय. चारच्या आसपास.”

“हो.”

“तुमच्या घरी चार वाजता काय होतं?”

“चहा.”

“म्हणजे कोणीतरी उठतं. स्पष्टच विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. घरात कोणी हात लावतं का मशीनला? वयस्कर माणसं असतात, काही बटण बिटण, प्लग बिग?”

मी घाईने स्पीकर बंद केला. नको तेवढं ऐकून झालं होतं. मी त्याला फोनवर सांगितलं की आमच्या घरात कोणी हात लावत नाही, आबा त्या खोलीत जात नाहीत, आणि बोलणं संपवलं. आबांचा टोस्ट कपात तुटून पडला होता. त्यांनी तो चमच्याने काढून खाल्ला, कप स्वतः मोरीत नेऊन विसळला आणि ओट्यावर जाऊन बसले.

“आबा, तो काहीही बोलतो,” मी बाहेर जाऊन म्हटलं.

“हां,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खड्ड्यात बादली ओतली आणि मग पिशवी भरून दारात उभे राहिले. “सोनगीरले जास. घर बंद शे. दखी येस.”

मी थांबायचा आग्रह केला. नवऱ्याने केला. आबा ऐकून घेत होते आणि चपला घालत होते. शेवटी नवरा त्यांना बसने घेऊन गेला. धुळ्याला त्याने कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना पुढे सोनगीरला पोचवून आला.

“काही बोलले का?” संध्याकाळी मी विचारलं.

“पारोळ्यापर्यंत नाही. पारोळ्याला म्हणाले, उसाचा रस पी.”

“मग?”

“प्यायलो.”

आबा गेले आणि मशीन बंद पडायचं थांबलं.

पहिल्या दिवशी मी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं. त्यानंतर रोज चार वाजले की मी लॅपटॉपकडे पाहत बसायचे आणि काहीच व्हायचं नाही. मशीन उत्तम चाललं होतं. मॅनेजर खूश झाला. “मी म्हणालो नव्हतो?” असं तो म्हणाला, आणि वर हेही म्हणाला की म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, त्यात त्यांचा दोष नाही. मी म्हटलं की आबांनी हात लावलेला नाही. तो म्हणाला, “बरं बरं.” हे ‘बरं बरं’ मला दिवसभर पुरलं.

नवरा स्वतःच्या वडिलांबद्दल असं काही म्हणणार नाही हे मला माहीत होतं. तरी जेवताना त्याने विचारलंच, “चुकून कधी आत गेले असतील का? मच्छरदाणी बिणी आणायला?”

“त्यांचे गुडघे एसीत आखडतात. ते दार उघडलं तरी ओरडतात.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काही नाही. पण मशीन चालतंय ना.”

तेच तर होतं. मशीन चालत होतं, आणि जितके दिवस ते चालत होतं तितके आबा जास्त जास्त दोषी ठरत होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच एखादं मशीन पडावं म्हणून वाट पाहत होते.

त्या आठवड्यात मी दुसरंच एक काम उरकत होते. एका दुपारी मशीन रीबूट करून चहा टाकायला उठले. आतून पंख्यांचा आवाज येत होता, इतका की गॅसवरचं आधण उकळलेलं ऐकू आलं नाही. चहा उतू गेला. मी ओटा पुसायला फडकं घेतलं, पुसायला लागले आणि हात तसाच राहिला. दुपार होती. आणि मी मशीन रीबूट केलं होतं. आबा गेल्यापासून रोज दुपारी मी मशीन रीबूटच करत होते, कारण झोपमोड व्हायला घरात कोणी नव्हतं. ड्रायव्हर काढणं-घालणं मी बंद केलं होतं आणि ते मी ठरवून बंद केलं नव्हतं, त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

फडकं तिथेच ठेवून मी टेबलावर बसले. मशीन उठताच बांधणीचा प्रोग्रॅम चालू केला. त्याची खिडकी उघडी ठेवली. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. दुसऱ्या खिडकीत नवी चाचणी लावली, रांगांवर भरपूर मजकूर सोडला. मग पहिली खिडकी बंद केली.

मशीन दगावलं. मी एकटीच ‘हां’ असं म्हणाले, मोठ्याने.

पुन्हा केलं, पुन्हा दगावलं. त्यानंतर मी उतू जाऊन उरलेला चहा गाळून प्यायले.

गोष्ट साधी होती. गाठ ज्या प्रोग्रॅमने बांधली तो चालू असेपर्यंत ती टिकते. प्रोग्रॅम बंद झाला, मेला, काहीही झालं, की कर्नेल आपणहून ती सोडतं. ही सोय चांगली आहे. पण गाठ सोडायला कर्नेलला त्या रांगेकडे जावं लागतं. मी मध्येच ड्रायव्हर काढत होते, आणि ड्रायव्हर गेला की कर्नेलच्या लेखी ते नेटवर्क कार्ड रांगांसकट नाहीसं होतं. गाठीजवळ मात्र रांगांचे जुने पत्ते तसेच राहायचे. नवा ड्रायव्हर घातला की नव्या रांगा तयार व्हायच्या, दुसऱ्या जागी. चहाच्या वेळी मी जुनी खिडकी बंद करायचे, तिच्यासोबत तिच्यातला प्रोग्रॅम बंद व्हायचा, कर्नेल जुन्या पत्त्यावर गाठ सोडायला जायचं, आणि तोवर त्या जागेत भलतंच काहीतरी येऊन बसलेलं असायचं. ज्या दिवशी जागा अजून कोणी घेतलेली नसायची त्या दिवशी मशीन वाचायचं. बाकी लोक चाचणी झाली की रीबूट करत होते. त्यांच्या मशीनच्या शेजारी कोणी झोपत नव्हतं.

दुरुस्ती लिहायला वेळ लागला नाही. कार्ड जाताना त्याच्या रांगांना जे जे बांधलेलं असेल त्या प्रत्येक गाठीत ‘कार्ड गेलं’ असं नोंदवायचं, आणि प्रोग्रॅम बंद होताना गाठ सोडण्याआधी ते पाहायचं. दोन्ही एकाच क्षणी घडलं तर घोटाळा होऊ नये म्हणून एक कुलूप घालायचं. कर्नेलमध्ये कुलूप म्हणजे एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, एवढंच.

मी ती दुरुस्ती, म्हणजे पॅच, ईमेल-यादीवर पाठवली. उत्तर युरोपातल्या गृहस्थांनी कळवलं की आधीची कुलपं आणि माझं कुलूप लावायचा क्रम चुकला आहे. तो मी बदलला. मग त्यांना एका फंक्शनचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव आवडलं नाही. तेही बदललं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला: गाठ बांधलेली असताना कोणी ड्रायव्हर का काढेल?

या प्रश्नाचं एक साळसूद उत्तर देता आलं असतं. मी खरं ते लिहिलं. लिहिलं की मशीन घरात आहे, रीबूट करताना पंख्यांचा फार आवाज होतो, आणि माझे सासरे दुपारी शेजारच्या खोलीत झोपतात.

दुसऱ्या दिवशी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. कारण योग्य आहे, आणि पॅचच्या वर्णनात ते घालावं. त्याखाली कुठल्याशा तिसऱ्या देशातून एकाने लिहिलं होतं की त्याच्या घरी तान्हं बाळ आहे, तोही रीबूट टाळण्यासाठी ड्रायव्हरच काढतो, त्याचंही मशीन महिनाभर असंच पडत होतं. कार्ड खराब आहे असं समजून त्याने ते परतही केलं होतं.

पॅच कर्नेलमध्ये घेतला गेला. त्याच दिवशी मी मॅनेजरला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे व्होल्टेज ठीक होतं.”

“हो.”

“आणि आबा...”

“झोपलेले होते.”

रविवारी आम्ही दोघं सोनगीरला गेलो. आबा ओट्यावर बसले होते. शेजारच्या अक्का, म्हणजे आबांच्या चुलत वहिनी, त्यांना दोन्ही वेळचं जेवण देत होत्या. आम्ही येणार म्हणून त्यांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि शेवभाजी केली होती. मी चप्पल काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. गाठ, रांग, ड्रायव्हर, चहा, सगळं. नवऱ्याने मध्ये एकदा “म्हणजे समजा घर पाडलं आणि...” असं म्हटलं, पण मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला.

सांगून झालं. आबा म्हणाले, “म्हंजे मनी झोपमुये सापडनं.”

“हो.”

“बठ्ठी दुनियामा?”

“हो. आता सगळीकडे दुरुस्त होईल.”

“मनं नाव टाकं का?”

“नाव टाकायला ईमेल लागतो, आबा. पण सासरे झोपतात असं लिहिलंय.”

“मंग ऱ्हाऊ दे.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “इंग्रजीमा लिखं?”

“इंग्रजीत.”

ते समाधानाने पाय चोळायला लागले. मी म्हटलं, “तुम्ही रागावून निघून आलात ना?”

“नही. दाढ दुखत व्हती.” त्यांनी तोंड उघडून बोटाने गाल बाजूला केला. दाढ खरोखरच काढलेली होती, अलीकडेच. धुळ्याला जाऊन काढून आले होते, एकटेच, आणि अक्कांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. नवरा वाकून पाहत राहिला. रोज धुळ्याला असून आपल्याला कळलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने विचारलं, “फोन का नाही केला?”

“तोंडमा कापूसना बोया व्हता,” आबा म्हणाले.

मला बरं वाटलं. ते दाढेसाठीच आले होते तर. पण आबांनी तोंड मिटलं, गमछ्याने पुसलं आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, “तो नागपूरवाला काय म्हने आते?”

मी फोन काढला. मॅनेजर घरीच होता. मी म्हटलं, आबांशी बोला, आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

“आबा, नमस्कार,” मॅनेजर म्हणाला. “माझी चूक झाली. मी असं बोलायला नको होतं. माफ करा.”

आबांनी फोन तोंडासमोर आडवा धरला. “मी त्या खोलीमा एकच डाव गयथू. तुमनं मशीन वनं त्या दिनले. गणपतीना फोटो भिंतवर व्हता, तो काढी लेवाले. त्याले थंडी वाजती.”

ही गोष्ट मलाही नवीन होती.

“हो का,” मॅनेजर म्हणाला. “बरं केलं, आबा.”

“नागपूरले ऊन कसं शे?”

“मी बंगळुरूत असतो. पण वडील सांगतात, फार आहे. तुमच्यापेक्षा जास्त असेल.”

आबा खुर्चीत सरळ झाले. “जास्त?”

“असेल म्हणजे, असतंच.”

“थांबा,” आबा म्हणाले.

मी त्यांना विचारलं की आज आमच्याबरोबर येताय का. त्यांनी हाताने खुणावलं की येत्या आठवड्यात, दाढेची जागा सुकली की. मग फोन घेऊन ते ओट्यावरून उतरले, गुडघ्याला हात देत रस्ता ओलांडला आणि समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बोलायला लागले. गावालगतच्या किल्ल्याच्या बाजूने गरम वारा सुटला होता आणि शब्द इकडे पोचत नव्हते. अक्का आतून दोनदा हाक मारून गेल्या. शेवटी आम्ही जेवून घेतलं.